नवी कोरी रीत

एलएलएमचा विषय निवडणं म्हणजे लग्नासाठी मुलगा बघणं, असं साकोलीच्या बाररूममधले एक वकील म्हणायचे. सुचवायला सगळे असतात, नांदायचं मात्र एकटीला. मी नुकतीच सनद घेतली होती, एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली तारखा मागायचं काम करत होते आणि नागपूरला एलएलएमला नाव घातलं होतं. शोधनिबंधाचा विषय ठरवून मार्गदर्शक सरांची सही घ्यायची होती. मुदत जवळ आली तसे बाररूममधल्या प्रत्येकाला माझ्यासाठी विषय सुचू लागले.

एक म्हणाले, सायबर गुन्हे घे, पुढे त्यालाच भाव आहे. साकोलीत तेव्हा इंटरनेटचं जे दुकान मला माहीत होतं ते लोडशेडिंगमुळे बहुतेक वेळा अंधारातच असायचं. दुसरे म्हणाले, ग्राहक संरक्षण घे, सोपं जातं. कुणी धरणात गेलेल्या गावांचं पुनर्वसन सुचवलं, कुणी जमीनदारांच्या वेळच्या मालगुजारी तलावांवरचे हक्क, कुणी अभयारण्याच्या कडेला राहणाऱ्या लोकांचे. आमच्या जिल्ह्यात दुःखांची टंचाई कधीच नव्हती. त्यातलं कोणतं शोधनिबंधाला शोभून दिसेल एवढाच काय तो प्रश्न होता. मी सगळ्यांना हो जी, हो जी म्हणत राहायची. संध्याकाळच्या बसने सानगडीला घरी गेले की माझा खरा विषय सूप घेऊन ओसरीवर तांदूळ निवडत बसलेला दिसायचा.

तो विषय म्हणजे माझी ताई.

आई आमची लवकर गेली. माझ्या वेण्या घालण्यापासून मला शाळेत ढकलण्यापर्यंत सगळं ताईने केलं, आणि मग तिचं लग्न झालं. ते लग्न बाबांनी स्वतः लावलं. आमच्या बौद्ध समाजात लग्न लावायला भटजी लागत नाही. दोन तसबिरी, मेणबत्ती, उदबत्ती, नवरा-नवरीला पांढरे कपडे. त्रिशरण, पंचशील, दोघांच्या प्रतिज्ञा, हार, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून 'साधू' म्हणायचं. हे सगळं म्हणून घेणारा एक जाणता माणूस लागतो, आणि आमच्या भागात तो जाणता माणूस बहुतेक वेळा माझे बाबा असायचे.

बाबा एसटीत कंडक्टर होते. भरलेल्या गाडीत मागच्या सीटपर्यंत पोचणारा आवाज त्यांनी नोकरीत कमावला आणि लग्नांत वापरला. मांडवात त्यांना माईक लागत नसे. गाथा म्हणताना ते मान किंचित वर करून डोळे मिटत, आणि मध्येच कुणी बोललं तर डोळे न उघडता 'गप राहा रे मागचे' म्हणत. लोक हसायचे. बाबा हसायचे नाहीत. त्यांच्या दृष्टीने ते फार मोठं काम होतं. छप्पन साली ते लहान पोरगे असताना आजोबा नागपूरहून दीक्षा घेऊन आले होते आणि घरातले सगळे देव टोपलीत घालून तलावात सोडून आले होते. बाबा त्या टोपलीमागे चालत गेले होते. ही गोष्ट त्यांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितली होती की मला वाटायचं, मीही त्यांच्यामागे चालत होते.

ताई लग्न करून पूर्वेकडच्या एका गावात गेली. पुढे जिल्हा फुटला आणि तिचं सासर गोंदियात गेलं. आधी ती दुसऱ्या गावची झाली, मग दुसऱ्या जिल्ह्याची, अशी आम्ही तिची थट्टा करायचो. थट्टा करण्यासारखं तेवढंच होतं. तिचा नवरा शिक्षक होता. काही वर्षांनी त्याने घरात दुसरी बाई आणली, तीही अशीच हार घालून. ताईने थोडे दिवस तिच्यासाठीही भात रांधला. मग एक दिवस पिशवी घेऊन सानगडीला आली आणि म्हणाली, "मी आता तिकडे जात नाही."

तिला तो परत नको होता. पोटगीबद्दल ती चकार शब्द बोलली नाही, गावातल्या अंगणवाडीत मदतनिसाचं काम मिळालं त्यात ती भागवत होती. तिला एवढंच हवं होतं की कुणीतरी मोठ्याने म्हणावं, ही त्याची बायको होती, आणि ती असताना त्याने दुसरी केली. गावात तर कुणीच म्हणेना. सासरच्यांनी उलट पसरवलं होतं की तीच निघून गेली. तेव्हा तिने साकोलीच्या कोर्टात दुसऱ्या लग्नाबद्दल फिर्याद केली. कोर्ट म्हणालं की सगळ्यांना म्हणावं लागेल, असा तिचा भाबडा हिशोब होता.

इथे थोडा कायदा सांगावा लागतो, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. लग्नाच्या बाबतीत बौद्धांना हिंदू विवाह कायदाच लागू होतो. देव तलावात सोडले तरी कायदा काठावरच उभा होता. आणि दुसरं लग्न गुन्हा ठरायचं तर आधी पहिलं लग्न कायदेशीर रीतीने झालं होतं हे शाबीत करावं लागतं. एकतर अग्नीभोवती सात पावलं चाललेली असावीत, नाहीतर त्या समाजाच्या रूढीप्रमाणे विधी झालेले असावेत. रूढी म्हणजे काय, तेही कायद्यात आहे. दीर्घकाळ, अखंड आणि एकसारखी पाळली गेलेली रीत. आमच्या वकिलांनी फिर्यादीत 'रीतिरिवाजाप्रमाणे लग्न झाले' एवढंच लिहिलं होतं. कोणते रीतिरिवाज, कधीपासूनचे, हे लिहायचं राहून गेलं. त्यांनी ताईला साक्षीसाठी तयार केलं. बाबांना तयार करायची गरज कुणाला वाटली नाही. ज्याने लग्न लावलं तोच साक्षीदार, आणखी काय हवं?

बाबांच्या साक्षीच्या दिवशी मी एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला होते. मागच्या बाकावर बसले होते. बाबा कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते, लग्न लावायला जाताना घालायचे तोच. शपथ घेताना त्यांनी इतक्या जोरात 'खरं सांगीन' म्हटलं की टंकलेखक बाईंनी वर पाहिलं. आमच्या वकिलांनी विचारलं तेव्हा त्यांनी लग्न कुठे झालं, कुणी लावलं, कोण हजर होतं, सगळं नीट सांगितलं. मग समोरचे वकील उठले. त्यांचा आवाज मऊ होता, चेहरा अगदी आदराचा.

"काका, लग्नात होम झाला होता का?"

"नाही जी."

"सप्तपदी?"

"नाही जी. आमच्यात तसलं काही नसते."

"बरं. तुमच्या समाजात पहिल्यापासूनच नसते का?"

बाबांनी मान वर केली. मी त्यांना ओळखत होते. हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून जणू ते आयुष्यभर थांबले होते.

"पहिले होतं ना. सारं होतं. आमच्या बापानं छप्पनले सोडलं."

"म्हणजे तुम्ही सांगता ती लग्नाची रीत त्यानंतरची आहे."

"हो जी. त्याच्या आधी आमची अशी रीत नव्हतीच. नवी आहे. नवी कोरी."

"आणि ही सगळीकडे अगदी एकसारखीच असते, की लग्न लावणाऱ्याप्रमाणे बदलते?"

"बदलते थोडी. कोणी गाथा कमी म्हणते, कोणी जास्त. मी पुरी म्हणतो."

"दुसरा प्रश्न नाही," वकील म्हणाले.

तीन उत्तरांत संपलं. दीर्घकाळ गेलं, अखंड गेलं, एकसारखी गेलं. मला तेव्हा ते पुरतं समजलं नव्हतं, पण आमच्या वकिलांनी पेनाचं टोपण लावून पेन खिशात ठेवलं ते मी पाहिलं. बाबा पिंजऱ्यातून उतरले ते उजळलेल्या चेहऱ्याने. बाहेर चिंचेखाली येऊन मला म्हणाले, "कसं सांगतलं?" मी चांगलं म्हटलं. तेव्हा मला ते खरंच चांगलं वाटलं होतं.

वकील बाहेर आले आणि म्हणाले, "काका, एवढं कशाला सांगायचं? फेरे झाले म्हटलं असतं तरी कोण बघायला गेलं होतं?"

बाबा म्हणाले, "खोटं कसा बोलू जी? चौथं शील आहे. मीच लोकायले म्हणून घेतो."

ज्या लग्नाची साक्ष ते देत होते त्याच लग्नात त्यांनी तेच शील नवरा-नवरीकडून म्हणवून घेतलं होतं. खोटं बोलणार नाही. नवऱ्यानेही म्हटलं होतं, त्याला काही अडचण आली नाही.

निकाल लागला तेव्हा माझी सनद नुकतीच आली होती. आरोपी निर्दोष. पहिलं लग्न कायद्याला अपेक्षित असलेल्या विधींनी किंवा शाबीत रूढीने झाल्याचा पुरावा फिर्यादीला देता आला नाही. दुसऱ्या लग्नाकडे मग बघायची गरजच उरली नाही. दुसरीकडे अशाच केसमध्ये वेगळं झालेलं मी पुढे वाचलं, पण आमचं ते असं झालं. अपील करू म्हटलं तर ताईने मान हलवली. पुरे म्हणाली.

परतीच्या बसमध्ये बाबांच्या डेपोतला एक जुना कंडक्टर होता. "काय मामा, आज साकोलीले कायले?" त्याने विचारलं. बाबा म्हणाले, "असंच." ताई खिडकीशी बसली होती. बस गावाच्या फाट्याजवळ आली तेव्हा ती बाहेर बघतच म्हणाली, "मंग इतके वर्ष मी त्या घरी कोण होती?"

प्रश्न कुणालाच नव्हता. पण बाबा तिच्या शेजारी बसले होते.

गावात बातमी पोचायला वेळ लागला नाही, आणि पोचताना ती फुगली. कोर्टाने म्हटलं होतं की या केसमध्ये पुरावा दिला नाही. गावात झालं, बौद्धांची लग्नं कोर्टात चालत नाहीत. एक दिवस शेजारच्या वाडीतलं एक जोडपं घरी आलं. त्यांचं लग्न बाबांनीच लावलं होतं. बाई पदर सारखा करत म्हणाली, "मामाजी, आमचं बी तुमीच लावलं होतं. ते टिकन ना?" नवरा बाजूला उभा राहून हसत होता, जणू त्याला गंमतच वाटत होती. मी त्यांना कायदा समजावून सांगायला गेले, पण ते माझ्याकडे बघतच नव्हते. त्यांना बाबांच्या तोंडून ऐकायचं होतं. बाबा म्हणाले, "टिकन." आणि आत निघून गेले.

त्यानंतर लग्नाचं बोलावणं आलं की त्यांचा घसा बसलेला असायचा. ज्या माणसाचा आवाज भंडाऱ्याच्या स्टँडवर एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचा, त्याचा घसा कायमचा बसला. लोकांनी दुसरा माणूस शोधला. पांढरा शर्ट घडी घालून पेटीत गेला. मला त्या दिवसांत समोरच्या वकिलांचा राग यायचा, आमच्या वकिलांचा यायचा, न्यायाधीशांचा यायचा, पण सगळ्यात जास्त कुणाचा यायचा ते सांगते. तो 'दीर्घकाळ' या शब्दाचा यायचा. किती दीर्घ? आजोबांनी टोपली उचलली तेव्हापासून बाबा म्हातारे होईपर्यंतचा काळ दीर्घ नाही? पिढ्यान्‌पिढ्या आम्हाला गावकुसाबाहेर ठेवलं ती रूढी भरपूर जुनी होती, तिला पुरावा लागला नाही. ती सोडून जी धरली ती मात्र जुनी नाही म्हणून बाद. नवी होती हेच तर तिचं सगळं मोल होतं, आणि बाबांनी नेमकं तेच अभिमानाने सांगितलं होतं.

तर असा माझा विषय घरात बसला होता, आणि मी बाररूममध्ये सायबर गुन्ह्यांवर माना डोलावत होते. शेवटी नागपूरला सरांसमोर मी तोंड उघडलं. म्हटलं, नवीन पडलेल्या रूढींना विवाह कायद्यात काय स्थान आहे, विशेषतः बौद्ध विवाहविधी, यावर लिहायचंय.

सर भले माणूस होते. त्यांनी चहा मागवला. विषय का सुचला विचारलं, आणि मी थोडक्यात सांगितलं. मग म्हणाले, "हे बघा, विषय तुमच्या फार जवळचा आहे. संशोधनाला थोडं अंतर लागतं. शिवाय तुमच्या भागातलं वाङ्मय किती मिळेल? तिथे काही लिहूनच ठेवलेलं नाही."

"लिहून ठेवलेलं नाही म्हणून तर केस गेली सर," मी म्हटलं.

माझा आवाज चढला असावा, कारण चहा आणणारा माणूस दारात थांबला. सर रागावले नाहीत. ते मला ग्रंथालयात पाठवून मोकळे झाले. मी तिथे जाऊन बसले, निवाड्यांचे जाड खंड काढले, आणि तारीख नसलेल्या प्रत्येक दिवशी नागपूरची बस धरली. वाचता वाचता मला एक गोष्ट कळली, आणि ती कळल्यापासून माझी झोप उडाली. काही केसेस जिंकल्या होत्या, काही हरल्या होत्या, आणि विधी जवळपास सगळीकडे सारखेच होते. फरक पडला तो फिर्यादीत काय लिहिलं आणि पिंजऱ्यातला माणूस काय बोलला, यावर. ज्याने सांगितलं की आमच्यात सगळ्यांची लग्नं अशीच होतात, कित्येक वर्षं होतात, त्याचं लग्न लग्न ठरलं. बाबांना हे दोन्ही माहीत होतं. त्यांना कुणी तसं विचारलं नाही.

सरांना हे दाखवलं तेव्हा ते जरा वेळ वाचत राहिले. मग म्हणाले, "ठीक आहे. पण नुसत्या निवाड्यांवर नाही चालणार. तुमच्या भागात लग्न लावणाऱ्या लोकांच्या मुलाखती घ्या. कोणते विधी, कधीपासून, किती गावांत. जे कोर्टात आलं नाही ते तुमच्या निबंधात येऊ द्या. एक मुलाखत करून आणा, मग सही करतो."

घरी जाताना बसमध्ये मी फार दिवसांनी हलकी झाले होते. मला दिसत होतं ते निबंधाचं छापून झालेलं पुस्तक. त्यात बाबांची साक्ष असेल, पण या वेळी नीट विचारलेली. पुढे कधीतरी, कुठल्यातरी तालुक्याच्या कोर्टात, कुठल्यातरी मुलीचा वकील ते पान उघडून दाखवेल. ताईला तिचं उत्तर कोर्टातून नाही तरी माझ्याकडून मिळेल. मी मूर्ख होते की नुसती आनंदी, आता सांगता येत नाही.

त्याच सुमारास माझं लग्न ठरत होतं. मुलगा लाखनीचा, पतसंस्थेत नोकरीला. बघणं झालं होतं, दोन्हीकडून होकार होता, बोलणी व्हायची होती. पण माझ्या डोक्यात तेव्हा मुलाखत होती.

रविवारी सकाळी मी बाबांना सांगितलं की मला तुमची मुलाखत घ्यायची आहे, कॉलेजच्या कामासाठी. ते आत गेले आणि बऱ्याच वेळाने आले ते प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ताठ बसले, दोन्ही हात मांडीवर. ताई चुलीशी होती, तिथून ओसरी दिसते.

"ही सरतपासणी आहे का उलटतपासणी?" बाबांनी विचारलं.

मला वाटलं गंमत करताहेत. पण ते गंमत करत नव्हते. आपला वकील विचारतो ती सरतपासणी, समोरचा विचारतो ती उलटतपासणी, हे ते कोर्टात शिकले होते आणि विसरले नव्हते.

"यात वकील कोणीच नाही बाबा. मीच आहे."

"तू वकीलच आहे ना आता."

मी हसून पहिला प्रश्न विचारला. तुम्ही लग्नात कोणते विधी करता? त्यांनी सांगायला सुरुवात केली, पण प्रत्येक वाक्यानंतर थांबायचे आणि माझ्याकडे बघायचे, बरोबर आहे का म्हणून. गाथांवर आले तेव्हा मी म्हटलं, म्हणून दाखवा ना. ते म्हणाले, घसा ठीक नाही. मग मी दुसरा प्रश्न विचारला. ही रीत कधीपासूनची?

चुलीशी भांड्याचा आवाज थांबला.

"हे छापून येईन?" त्यांनी विचारलं.

"हो. म्हणून तर."

"मंग उद्या दुसऱ्या कोण्या पोरीची केस असली, अन् समोरच्या वकिलानं तुझं पुस्तक काढून दाखवलं, का पाहा, लगन लावणारा मानूसच म्हणून राहिला का रीत नवी आहे. तं?"

मी म्हटलं, तसं नाही होणार, मी ते नीट मांडेन, कायद्याच्या भाषेत. बोलताना मला माझाच आवाज पोकळ वाटला, कारण तसं होऊ शकत होतं. निवाडे वाचून मला तेवढं नक्की कळलं होतं. एखादं वाक्य कुठून उचललं जाईल हे लिहिणाऱ्याच्या हातात नसतं.

"मले दुसरं सांगता येणार नाही," बाबा म्हणाले. "जुनी आहे म्हणता येत नाही. नवी आहे म्हटलं तं पोरी बुडतेत. मी काहीच बोलत नाही, हेच बरं."

"बाबा, नवी असणं हा गुन्हा नाही हेच मला लिहायचंय."

"लिही तू. पण त्यायले पटन का?"

त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. थोडं पुढे सरकून, घरातल्या एखाद्या साध्या गोष्टीबद्दल बोलावं तशा आवाजात ते म्हणाले, "एक बोलायचं होतं. लाखनीवाल्यायसंग मी बोलीन. तुझ्या लग्नात आपण सात फेरे बी घेऊन टाकू."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काय?"

"थोडासा होम करू. भटजी मिळते साकोलीत. फोटो काढून ठेवू, चांगले, तोंडं दिसतीन असे. बाकी आपलं सारं करूच, त्रिशरण, पंचशील, सारं."

आजोबांच्या टोपलीमागे चाललेला पोरगा माझ्यासमोर बसून हे सांगत होता. मी म्हटलं, "बाबा, त्याची गरज नाही. आपण नोंदणी करू. विशेष विवाह कायद्याने सरळ कचेरीत लग्न होतं, कोणी काही विचारत नाही. मला माहीत आहे ते सगळं."

"नोंदणी तं करूच," ते म्हणाले. "पण नोंदणीवर माह्या भरोसा नाही. पिंजऱ्यात उभं केलं का ते फेऱ्याचंच विचारतेत."

"मग विचारू द्या. तुम्हाला कोण बोलावतंय आता?"

"बापालेच बोलावतेत," ते म्हणाले. मग मांडीवरचे हात उचलून त्यांनी एकमेकांत गुंफले. "त्या वकिलानं म्हटलं होतं, फेरे झाले म्हणायचं होतं. पण मले खोटं बोलता येत नाही, बाई. या वयात आता शिकून बी होणार नाही. म्हणून फेरे खरेच घ्यावे लागतीन."

ताई चुलीपासून उठून आली. तिला ओसरीवरून बाहेर जायचं होतं बहुतेक, पण ती बाबांच्या खुर्चीमागे थांबली. बसमधल्या तिच्या प्रश्नाचं उत्तर बाबांनी शोधून काढलं होतं, आणि ते तिच्या कामाचं राहिलं नव्हतं, फक्त माझ्या.

मी फेरे घेतले नाहीत. आमचं लग्न पुढे भंडाऱ्याला नोंदणी कचेरीत झालं, आणि संध्याकाळी घरी दोन तसबिरींपुढे दुसऱ्या माणसाने पंचशील म्हणून घेतलं. बाबा नव्या शर्टात कोपऱ्यात उभे होते. सगळ्यांनी 'साधू' म्हटलं तेव्हा त्यांचे ओठ हलले की नाही, मला दिसलं नाही.

पण ते नंतरचं. त्या रविवारनंतर मी नागपूरला गेले आणि सरांना सांगितलं की मला ग्राहक संरक्षण द्या. विषयाचं नाव मी बसमध्येच तयार केलं होतं, लांबलचक, कुणालाही कंटाळा येईल असं. सरांनी ते वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"अहो, एवढ्या हट्टाने घेतला होतात तो विषय. काय झालं?"

"साक्षीदार उलटला सर," मी म्हटलं.

सरांना वाटलं मी विनोद केला. ते हसले, पेन उघडलं आणि सही केली.